वेल्ह्याच्या गोचिडी आणि कुंदाताई

आमच्या नोकरीत गोचिडी मिळोत न मिळोत, किस्से मात्र जीपभर मिळतात! बी.एस्सी. होऊन मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत लागले, तेव्हा वेल्ह्याकडच्या शेळ्यांच्या गोचिडींत एक नवा विषाणू सापडला होता. तो माणसांपर्यंत पोचलाय का, हे लोकांचं रक्त तपासल्याशिवाय कळणार नव्हतं.

भाटघर धरणाच्या पाण्याकाठच्या एका वाडीत मी पांढरं फ्लॅनेल गवतावरून ओढत होते. गोचिडी त्याला चिकटतात. एक आजोबा बराच वेळ बघत होते.

"पोरी, धुतल्यालं कापड मातीत का लोळवतीस?"

"गोचिडी धरतेय, आजोबा."

"त्येच्यापायी एवढी शिकलीस?"

*

तिथं शेळ्यांच्या गोचिडी बायकाच काढायच्या आणि अंगठ्याच्या नखांवर चिरडायच्या. म्हणजे सगळ्यात जास्त धोका त्यांनाच! आमच्या नर्स कुंदाताई चिमट्यानं गोचीड काढायला लागल्या, तर बायका हसून बेजार.

"ताई, भाकर बी चिमट्यानंच खाता व्हय?"

कुंदाताईंनी हात धुतले, पिशवीतून दुसरा, उकळलेला चिमटा काढला आणि खरंच खाल्ली!

*

रक्त घ्यायची वेळ आली. वाडीतले वडीलधारे आबा पारावरून गरजले, "बायांचं रगत न्हाई मिळायचं. बाप्यांचं घ्या."

आमचे डॉक्टरसाहेब लगेच मान डोलवायला लागले. म्हाताऱ्यांचं म्हाताऱ्यांशी बरं जमतं!

मी भडकले. "साहेब, गोचिडी काय बाप्ये चिरडतात?"

"तू आधी चहा पी. साहेबांनाही दे," कुंदाताई म्हणाल्या आणि सुया घेऊन थेट शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसल्या. बायका तिथंच होत्या की! मी मात्र पाराशीच भांडत बसले होते.

*

मीही मागोमाग गोठ्यात गेले. कुंदाताईंनी बायकांना सगळं सरळ सांगितलं. रक्त कशाला हवंय, किती दुखेल, नको असेल तर खुशाल नाही म्हणा. कुणी उठलं नाही, पण हातही कुणी पुढं करेना. तेवढ्यात दारात आबा! मागं डॉक्टरसाहेब.

"मालकाला इचारल्याबगर कुनी हात फुडं करायचा न्हाई!"

मला वाटलं, झालं, आता रिकाम्या बाटल्या घेऊन परत.

कोपऱ्यातून आबांची बायको सोनाकाकू उठली. कुंदाताईंसमोर फतकल मारून बसली, बाही वर सारली आणि आबांकडे न बघताच म्हणाली,

"गोचीड काय मालकाला इचारून चावती व्हय? सरका दारातनं, ताईंचा उजेड अडवलाय!"