रत्नप्रभा सिस्टरांची काटकसर

धुतलेला रबरी हातमोजा हवेत गरकन फिरवून फुगवायचा, मनगटापाशी पीळ द्यायचा आणि तो फुगा गालाला लावून डोळे मिटायचे. रत्नप्रभा सिस्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. कुठून हवा सुटते ते त्यांच्या गालाला कळे. भोक सापडलं की एखाद्या कामातून गेलेल्या मोज्याचं ठिगळ तिथे बसे. मी साताऱ्याहून आटपाडीकडच्या त्या लहानशा दवाखान्यात नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी मला शंका आली.

दुष्काळाची वर्षं होती. आमचं घर कृष्णाकाठचं, उसातलं. नळ सोडून गप्पा मारायची मला सवय. सिस्टर यायच्या, नळ बंद करायच्या आणि म्हणायच्या, "कृष्णामाई तुझ्या माहेरी राहिली गं. हितं टँकर येतो." कपड्यांचं शेवटचं, स्वच्छ पाणी मागच्या शेवग्याला जाई आणि त्याच्या शेंगा पेशंटांच्या आमटीत येत. रक्तामांसाचं पाणी मात्र लांबच्या खड्ड्यात, वर ब्लीचिंग पावडर. त्यात हयगय झाली की सिस्टरांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. आम्ही त्यांना पाठीमागे 'चिकट सिस्टर' म्हणायचो. आज त्या नाहीत, पण दवाखान्यांमागचे कचऱ्याचे ढीग पाहिले की त्यांची फार आठवण येते.

भागाबाई आमची आया. सिस्टरांवर तिचा जीव, त्यांची प्रत्येक सवय उचलायची. एका दुपारी मेंढरं राखणाऱ्या घरातली एक अडलेली बाई बैलगाडीतून आली. मूल आडवं होतं. ऑपरेशनशिवाय गत्यंतर नव्हतं. डॉक्टर हात धुऊन उभे राहिले. कपड्यांचा निर्जंतुक केलेला डबा आत आणताना भागाबाई कौतुकानं म्हणाली, "सिस्टर, आज निम्म्या पान्यात डबा उरकला बगा."

डबा वाफेच्या यंत्रात ठेवतात. वाफेचा दाब ठरलेला वेळ टिकला तरच कपड्यांतले जंतू मरतात. काटा शेवटपर्यंत वर होता का, असं सिस्टरांनी विचारलं.

"मदीच खाली आला. पानी आटलं आसंल. पर कापडं कोरडी ठाक निगाली की."

दुसरा डबा नव्हता. टाकी खडखडीत होती आणि टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. डॉक्टर म्हणाले, वेळ नाही, आहे तेच उघडा. सिस्टरांनी डब्यावर हात ठेवला.

"वाचवायचं ते आपल्या वाट्याचं, डॉक्टर. हिच्या वाट्याचं नाही."

आमच्या पिण्याचा माठ त्यांनी यंत्रात उपडा केला. तरी पाणी कमीच पडलं. दाराशी बसलेली त्या बाईची सासू हे सगळं बघत होती. ती उठली आणि गाडीतली घागर घेऊन आली.

"बैलांचं हाय," ती म्हणाली. "बैलं थांबतील. ह्ये घ्या."

मग स्टोव्हला पंप मारत आम्ही वाट बघत राहिलो. बाई कण्हत होती. डॉक्टर पुन्हा पुन्हा बाळाचे ठोके ऐकत होते आणि दर खेपेला त्यांचा चेहरा उतरत होता. सिस्टर काट्यासमोरून हलल्या नाहीत. खरं सांगते, मला त्या वेळी त्यांचा संताप आला होता. पोर गेलं असतं तर मी त्यांना जन्मात माफ केलं नसतं. मुलगी झाली. ती उशिरा रडली, पण रडली. आईची जखमही पुढे बिनतक्रार भरून आली.

संध्याकाळी भागाबाई मागच्या पायरीवर रडत बसली होती. आपली नोकरी गेली, असंच ती धरून चालली होती. सिस्टरांचे ओठ तहानेनं वाळले होते. त्या तिच्याशेजारी खालीच टेकल्या.

"वाचवायचं कसं ते तुला मीच शिकवलं, भागा. कुठं थांबायचं ते शिकवायचं राहिलं. चूक माझी हाय."

दुसऱ्या दिवशी टँकर आला. भागाबाई यंत्राजवळ जायला तयार होईना. सिस्टरांनी भरलेली बादली तिच्या हातात दिली, "तूच कर" म्हणाल्या आणि जेवायला निघून गेल्या. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.