अस्सल म्हणे!

‘अस्सल’ या शब्दाचा मला मनापासून तिटकारा आहे. कर्जत स्टेशनाबाहेर मध विकणारा तो वापरतो, तुपाच्या बरणीवर तो छापलेला असतो. ज्याच्या दावणीला म्हैस आहे तो नुसतं ‘तूप’ म्हणतो. विकायला काढल्याशिवाय कुठलीच वस्तू अस्सल होत नाही. आता हा शब्द लोक बोलण्यालाही लावायला लागलेत. अस्सल मराठी, अस्सल गावरान बोली! त्यापायी माझ्या घरातून काय गेलं ते सांगतो.

आमचं घर कळंबजवळच्या एका गावात. खालापूरला तहसील कचेरीजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ बडवत असतो. वडील गेल्यावर आईला घर खायला उठायचं. म्हणून जवळच्या एका रिसॉर्टवर ती तांदळाच्या भाकऱ्या करायला जायला लागली, तेव्हा मला बरं वाटलं. चार बाया भेटायच्या, गप्पा व्हायच्या. तिला पगारापेक्षा ती सोबत हवी होती.

पण आमच्याकडे जशी पाहुण्याला कपबशी आणि घरच्याला पेला, तसंच बोलण्याचंही आहे. हाय-नाय, रं-गं हे आपल्या माणसांसाठी. परक्याशी, त्यातून शहरातल्या माणसाशी, आई अगदी जपून बोलायची. ‘बसा ना. अजून एक वाढू का आपल्याला?’ तिच्या लेखी तो मान होता. उगाच कुणाला अरे-तुरे केलं तर लोक म्हणणार, बाईला रीतभात नाही.

मॅनेजरला ते खपेना. मुंबईहून आलेला हा बाबा, दारावर ‘अस्सल गावरान’ अशी पाटी रंगवून बसलेला. म्हणाला, “आजी, तुम्ही शाळेतल्या बाईंसारखं बोलता. लोकांना तुमची खरी भाषा ऐकायची असते. सगळ्यांना बिनधास्त ‘रं’ म्हणा.”

“साहेब, ओळख ना पाळख, असं कसं म्हणायचं?” आईने विचारलं.

“जमत नसेल तर दुसरी बाई बघतो.”

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमची भाषा आम्ही कुणाशी बोलायची, हे हा दीडशहाणा ठरवणार! मी म्हटलं, सोडून दे ते काम.

“आन् दिसभर भिंतींशी बोलू?” ती म्हणाली. “तू त येतोस सांजच्याला.”

ती जात राहिली आणि मॅनेजर सांगेल तसं बोलायला लागली.

एका रविवारी तिचा चष्मा घरी राहिला, तो द्यायला मी गेलो. आई चुलीपुढे होती आणि समोर पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते. एका टकल्या गृहस्थाला ती म्हणत होती, “खा रं बाला, लाजतोस कशाला?” तो बाला तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठाच असेल. सगळी खुर्च्यांवरची मंडळी खदाखदा हसली.

तेवढ्यात तिने मला पाहिलं. “आलास का रं? जेवलास का नाय?”

हे नाटक नव्हतं. रोज संध्याकाळी मी मोटारसायकल लावायचो तेव्हा ती हेच विचारायची, आणि ते ऐकलं की माझा दिवस संपायचा. मंडळी त्यावरही तेवढीच हसली. एका बाईने मोबाइल पुढे केला आणि मला म्हणाली, “त्यांना परत बोलायला सांगा ना, प्लीज. किती अस्सल!”

तो मोबाइल चुलीत घालावा असं वाटलं. आई खाली मान घालून भाकरी थापत राहिली. मी चष्मा तिच्या शेजारी ठेवला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. आई उंबऱ्यात बसली होती. “आलास? हातपाय धू, वाढते,” एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. शेवटी जेवताना मी विचारलं, “आये, हल्ली मला रं म्हणत नाहीस. रागावलीस का?”

तिने आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली.

“राग कसला? तितं दिसभर तेच म्हनते. मंग घरी तुला म्हनाया गेले का वाटतं, आता समदी हसतील.”

घरात आम्ही दोघंच होतो.