आक्काच्या खोलीतलं तापमान

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळत आलो. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि कधी कधी खाली "हवेचा झोत असेल", "आधी वायरिंग तपासून घ्या" असं लिहूनही टाकतो. त्यामुळे माझ्याकडून असं काही येईल असं इथे कुणाला वाटलं नसेल. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. सगळी नोकरी मोठ्या इमारतींच्या हीटिंगची डिझाइन्स करण्यात गेली. असल्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर हसायचो. माझा विश्वास आजही नाही... पण जे झालं ते झालं.

मागच्या आठवड्यात कराडहून माझ्या भाच्याचा, अजयचा, फोन आला. डिसेंबरमध्ये इकडे यायचं त्याच्या मनात आहे. बोलता बोलता म्हणाला, "मामा, तुमच्या सोसायटीत अजून तो हीटरचा नियम आहे का हो? आई सांगायची ना. नाहीतर मी दोन-दोन स्वेटर घालूनच विमानात बसतो!" आणि हसला. मी "बघू, बघू" म्हणून फोन ठेवला.

आमच्या बिल्डिंगमध्ये असा नियम कधीच नव्हता. तो मी बनवला होता.

आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहतो. मुलं बाहेर पडल्यावर मोठं घर विकून दुसऱ्या मजल्यावरचा हा दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. बिल्डिंग जुनी, पन्नासेक वर्षांची. कपाटात घर तापवणारी गॅसची म्हातारी भट्टी, म्हणजे फर्नेस, हॉलमध्ये एकच थर्मोस्टॅट, खिडक्या अशा की जानेवारीत काचेच्या आतल्या बाजूला बर्फ धरायचा. सगळ्यात वाईट कोपऱ्यातली बेडरूम. दोन भिंती बाहेरच्या, तोंड उत्तरेला, आणि गरम हवा तिथे सगळ्यात शेवटी पोचायची.

नव्या खिडक्या, भिंतींचं इन्शुलेशन, फर्नेसऐवजी हीट पंप — तिन्हींचं एस्टिमेट बघून आमचे डोळे पांढरे झाले. तरी करायचं ठरलं. पण मी इंजिनिअर! म्हटलं, आधी एक अख्खा हिवाळा जुन्या अवस्थेत मोजून काढू. तापमान एकाच आकड्यावर स्थिर ठेवायचं, गॅस-वीज किती जाते ते लिहायचं. मग काम झाल्यावरच्या हिवाळ्याशी तुलना. आमच्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या गटात मी तसं जाहीरही करून बसलो होतो. जुने फ्लॅट घेतलेले बरेच जण तिथे हाच प्रश्न विचारायचे. त्यांना ग्राफ दाखवून थक्क करायचं होतं मला.

त्याच हिवाळ्यात आक्का आली. माझी मोठी बहीण, अजयची आई. आई लवकर गेल्यावर मला वाढवलं ते तिनेच. माझ्या बायकोचं, सुनंदाचं, गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मदतीला स्वतःहून आली. वय पंच्याहत्तर. कोपऱ्यातली खोली तिला दिली, कारण दुसरी नव्हतीच.

चार दिवसांत म्हणाली, "बाळू, जरा ऊब वाढव की रे. हाडं वाजतात."

बदललं असतं तर बेसलाइन, म्हणजे तुलनेचा मूळ आकडा, बिघडली असती. मी म्हणालो, "आक्का, बिल्डिंगचा नियम आहे. सहासष्टच्या वर नेता येत नाही." इथलं फॅरनहाइट हे, म्हणजे आपल्याकडचे एकोणीस सेल्सिअस. खोलीत छोटा हीटर का नाही, तर तोही नियमात बसत नाही. आणि कुणी हात लावू नये म्हणून थर्मोस्टॅटवर प्लास्टिकचा खोका बसवून कुलूप घातलं. ऑफिसांत असतो तसा.

सुनंदा पलंगावरून चिडायची. "अहो, त्या वन्संना थंडी वाजतेय! दोन पॉइंट वाढवले तर तुमचं मंडळ काय फाशी देणार आहे का?"

माझं उत्तर तयार असायचं. "कराडला जानेवारीत पहाटे बारा-तेरा डिग्री असतं. इथे घरात एकोणीस आहे. उलट जास्तच!"

हे वाक्य मी सुनंदाला गप्प करायला वापरायचो. पण गार भिंतीशेजारी बसलेल्या माणसाच्या अंगातली ऊब ती भिंत ओढून घेते, नुसता हवेचा आकडा बघून चालत नाही — हे मी जन्मभर दुसऱ्यांना समजावत आलो होतो. कराडला सकाळी ओट्यावर ऊन असतं. आणि एकोणीस होतं ते हॉलमध्ये. आक्काच्या खोलीत सोळासुद्धा मुश्किलीने असायचं. मला ते ठाऊक होतं, कारण तिच्या खुर्चीजवळच्या शेल्फवर मी काडेपेटीएवढा लॉगर ठेवला होता. दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवणारा, वर छोटा पडदा.

आक्काने सगळं मानलं. माझं जुनं जाकीट, त्यावर शाल, डोक्याला कानटोपी. "तुझ्या अमेरिकेत पोळ्या लाटायलाही कोट लागतो की रे!" म्हणायची. फोनवर गावाकडच्यांना सांगायची, "बाळू काय करणार बिचारा, सोसायटीवाले ऐकत नाहीत."

जानेवारीत मी लॉगरमधली माहिती कॉम्प्युटरवर घेतली, तर तिच्या खोलीच्या ग्राफवर रोज पावणेचारला एक टेकाड. साठ फॅरनहाइटवरून अठ्ठ्याऐंशी, दहा मिनिटांत परत खाली. मी विचारलं, "आक्का, या डबीला तू काय करतेस?"

ती ओशाळली. "काही नाही रे. तू चारला वही घेऊन येतोस ना आकडा बघायला... गार दिसला की तुला वाईट वाटत असेल. म्हणून जरा वेळ मुठीत धरते."

मी तिच्यावर ओरडलो. माझा तीन आठवड्यांचा डेटा वाया घालवलास, कळत नाही तर हात कशाला लावतेस — असं बरंच काही. तिने दोन्ही हात शालीत घेतले. त्यानंतर टेकाड आलं नाही.

मार्चमध्ये ती खोकला घेऊन परत गेली. दर रविवारी फोनवर विचारायची, "तुझा आकडा काय आला रे? मी बिघडवला नाही ना?" आणि मी प्रत्येक वेळी ठरवायचो की पुढच्या रविवारी खरं सांगायचं. खोकला वाढत गेला. श्रावणात ती गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, छाती कमजोर होती. मला कुणीच काही म्हणालं नाही. म्हणणार कसं? सगळ्यांच्या लेखी दोष सोसायटीचा होता.

ऑक्टोबरमध्ये फ्लॅटचं काम झालं. खिडक्या, भिंती, हीट पंप. आक्काच्या खोलीत सत्तर, सकाळ-दुपार-संध्याकाळ रेघ मारल्यासारखं. नोव्हेंबरच्या मध्यावर लॉगर उतरवून घेतला... आणि ग्राफवर टेकाड दिसलं. नऊ दिवस, रोज पावणेचारला. सत्तरवरून अठ्ठ्याऐंशी, परत खाली.

ऊन म्हणावं तर खोली उत्तरेची. लॉगर बिघडला म्हणून बर्फाच्या पाण्याशी पडताळून पाहिला, अचूक होता. शेजारी दुसरा नवा ठेवला. दुसऱ्या दिवशी नवा सत्तरवर स्थिर, जुना चढलेला. हीट पंप बसवणाऱ्या तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने उष्णता दाखवणारा कॅमेरा भिंतभर फिरवला आणि म्हणाला, "सर, ही तर आमची सगळ्यात चांगली जमलेली खोली आहे." सुनंदा त्या वेळी पोहायला जायची, घरात मी एकटा. मी तर त्या वेळी हॉलमध्ये डुलकी काढत असायचो.

मग एक दिवस मी जाऊन बसलो. आक्काच्या खुर्चीत नाही, समोर पलंगावर. बाहेर स्वच्छ उजेड, पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं. पावणेचार झाले. पडद्यावर सत्तर. एकाहत्तर. चौऱ्याहत्तर. एकोणऐंशी... मी आजूबाजूला हात फिरवला, हवा नेहमीसारखीच. मग डबीला बोट लावलं. ती कोमट होती. कुणाच्या मुठीतून आत्ताच नाणं घ्यावं तशी.

मला भीती वाटली नाही. बोलायचं होतं ते सगळं तोंडाशी आलं होतं. आणि मी काय केलं? चाळीस वर्षांच्या सवयीने खिशातून पेन काढलं आणि वहीत वेळ लिहिली. शेजारी आकडा लिहिला. मान वर केली तेव्हा पडदा खाली यायला लागला होता. पंच्याऐंशी, ऐंशी, पंच्याहत्तर... सत्तर.

दुसऱ्या दिवशी मी साडेतीनपासून बसून होतो. पुढचा आठवडाभर बसलो. काही झालं नाही, त्यानंतर कधीच नाही. त्या दिवसांचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मंडळात तो ग्राफ मी दाखवला नाही. नव्या कामाने गॅस-वीज किती वाचली, कुणी विचारलं तर विषय बदलतो.

सुनंदाला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग आता?"

अजयला आज रात्री, तिकडे सकाळ झाली की, फोन करणार आहे. तो काय म्हणेल ते म्हणो, ते त्याला म्हणू द्यायलाच हवं. पण त्या पलंगावर बसून जे बोलायचं राहिलं, ते त्याच्यासाठी नव्हतं. ते असं होतं —

आक्का, नियम कुणाचाच नव्हता. तुला थंडी वाजत होती, आणि ते मला रोज कळत होतं. चुकलं माझं. मला माफ कर.