कुलपातला सुखी संसार

माझा नवरा सज्जन होता. असं लखनऊमधली सगळी मराठी मंडळी म्हणायची. रेल्वेत इंजिनिअर, दारू नाही, सिगारेट नाही, गणपतीत आरतीला सगळ्यांत पुढे, टाळ वाजवताना डोळे मिटलेले. हाच भक्त रोज सकाळी ऑफिसला जाताना महानगर नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरात मला कोंडून बाहेरून कुलूप लावायचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन साताऱ्याहून आले, तेव्हा त्याने कारण दिलं होतं, "शहर परकं आहे, तुला धड हिंदी येत नाही." पुढे हिंदी आली, कुलूप तसंच राहिलं. मारायचा तेही जपून, पाठीवर, दंडावर, कपड्याखाली झाकलं जाईल असं. चेहऱ्याला हात लावत नसे, कारण आरतीला मला मिरवायचं असे. मारून झालं की आरशासमोर उभा राहून छोट्या कंगव्याने मिशी विंचरायचा. तिथल्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी एकदा माझ्या वर सरकलेल्या बाहीखालचा काळानिळा डाग पाहिला. "लांब बाह्या उकडत नाहीत का गं?" असं म्हणून त्यांनी श्रीखंडाची वाटी पुढे केली. फार सुसंस्कृत मंडळ होतं ते.

एका मे महिन्यात तो इन्स्पेक्शनला मुरादाबादला गेला. संध्याकाळी येतो म्हणाला आणि आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीतलं पाणी संपलं. मी न्हाणीघराच्या झरोक्याशी उभी राहून थाळी बडवत सुटले. खाली घरमालकीणबाई राहायच्या, वयस्कर विधवा, बोलणं अगदी लखनवी, मवाळ. त्यांनी सुतार बोलावून दाराचा कोयंडा तोडला.

दार उघडलं. मी उंबऱ्याच्या आतच उभी.

"बेटी, बाहर आइए."

"ये आ जाएँ, पूछ लूँ, फिर आती हूँ," मी म्हणाले. घशाला कोरड पडली होती, आणि मी परवानगीची वाट पाहत होते!

"किससे पूछिएगा? उस जेलर से?" म्हणत बाईंनी मनगट धरून मला खाली नेलं. पाणी पिताना माझे डोळे जिन्याकडेच होते.

माझी मावशी लखनऊच्या छावणीत राहायची, तिचे यजमान, म्हणजे काका, सैन्यात होते. बाईंनी फोन केला आणि काका मला घेऊन गेले. सगळ्यांना वाटलं, सुटली. मला मात्र सुटणं जमेना. "मावशी, आंघोळीला जाऊ का? पाणी पिऊ का?" असं मी दिवसभर विचारायची. बाहेर स्कूटर थांबली की उठून उभी राहायची. मावशी आधी रडली, मग वैतागली. "अगं, आता इथे कोण आहे तुला मारायला?"

काकांनी मनोविकारांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी त्यांना विचारलं, "मी वेडी झालेय का?"

"नहीं. इस डर ने आपको ज़िंदा रखा है," त्या म्हणाल्या. "अब इसे समझाना है कि इसकी नौकरी ख़त्म हुई. धीरे-धीरे मानेगा." त्यांनी रोज कुणालाही न विचारता एक काम करायला सांगितलं.

पहिल्यांदा मी फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन ओकले. मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत पोचले. दशहरी आंब्यांचा हंगाम भरात आला, तेव्हा एके सकाळी एकटीच बसने मलिहाबादला गेले आणि बागेतल्या खाटेवर बसून कोपरापर्यंत रस ओघळवत आंबे खाल्ले. परतले तेव्हा मावशी दारातच उभी होती. कुठे गेली होतीस, हा प्रश्न तिने महत्प्रयासाने गिळला. त्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे.

पावसाळ्यात नवरा आला, सोबत मंडळाचे अध्यक्ष. काकांच्या सोफ्यावर बसून अध्यक्ष बिस्किट चहात बुडवत म्हणाले, "परप्रांतात आपल्या माणसांनी बोभाटा करू नये, ताई. ते कुलूप तुमच्या सुरक्षेसाठीच होतं."

"मग तुमच्या मिसेसना का नाही लावत?" मी विचारलं. "त्या असुरक्षित नाहीत का?"

बिस्किट तुटून कपात पडलं. नवरा माझ्याकडे न बघता काकांना म्हणाला, "हिला समजवा." मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. हा एवढासा माणूस! काका खोलीत असताना आवाजसुद्धा चढत नव्हता त्याचा.

घटस्फोट मिळायला काही वर्षं गेली. मी बालवाडीत शिकवू लागले, भाड्याची खोली घेतली. भीती गेली नाही, नुसती आळसावली. मग कानावर आलं की त्याचं पुण्यात दुसरं लग्न ठरतंय. मुलीच्या वडिलांचा नंबर मिळवून मी एसटीडी बूथवरून फोन लावला.

"मुलाकडचे म्हणाले, पहिली बायको वेडी होती," ते गृहस्थ म्हणाले.

"हो, वेड लागायचीच वेळ आली होती. कशी, तेच सांगायला फोन केलाय," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

लग्न मोडलं. मी एका सज्जनाचा संसार दुसऱ्यांदा उधळला, असं मंडळात बोलतात म्हणे. खुशाल बोलू देत. त्या मुलीला मी कधी पाहिलं नाही. ती कुठेतरी दिवसातून चार वेळा बाहेर जात-येत असेल, आणि त्यात काही विशेष आहे हे तिच्या गावीही नसेल.