नेमगोंडा अण्णांचं एकभुक्त

शेजारच्या नेमगोंडा अण्णांची बायको आजारपणात गेली आणि दवाखान्यासाठी काढलेलं कर्ज तेवढं घरात राहिलं. संध्याकाळी अण्णा धरून आम्ही चौघं कट्ट्यावर पाळीपाळीनं चहा पाजायचो. आपली पाळी चुकवायला अण्णांनी सांगून टाकलं, "मी एकभुक्त धरलंय. दिवसातनं एकदाच खायाचं, चहाबी बंद."

खरं कारण मला पक्कं ठाऊक होतं. तरी मीच त्यांचं नाव ‘महाराज’ पाडलं. झालं, गल्लीनं अण्णांना जेवायला बोलवायचं सोडलं आणि त्यांनी कट्ट्यावर यायचं सोडलं.

पाच वर्षांनी, गेल्या सोमवारी, शेवटचा हप्ता भरून अण्णा इस्त्रीचा सदरा घालून कट्ट्यावर आले. "आज चहा माझ्याकडनं," म्हणाले.

चहावाल्या हंबीररावानं तीनच कप आणले. "महाराजांचं व्रत हाय, मला ठाऊक हाय की."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. खरं सांगावं, तर पाच वर्षांचं खोटं गल्लीसमोर उघडं पडणार. एरवी माझ्या तोंडाला कुलूप नसतं, पण त्या वेळी मी कपात बघत बसलो.

"व्हय, हाय की," म्हणत अण्णांनी तीन चहांचे पैसे दिले आणि आमचे कप रिकामे होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले.