अडतीस नंबरचं खोकं

आमचे हे स्टुलावरसुद्धा चढत नाहीत. वरच्या फळीवरचे बूट काढायचे तर मला हाक मारतात, आणि मी चढले की स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहतात. अशा माणसाचं दुकान कसलं, तर गिर्यारोहणाच्या बुटांचं! सासऱ्यांनी गळ्यात मारलं, यांनी निमूटपणे चालवलं.

पण खरं सांगते, या भित्रेपणामुळेच ते बूट उत्तम निवडतात. गिऱ्हाइकाने दारात पाय ठेवला की चौकशी सुरू. कोरडा खडक की ओला? बर्फ किती दिवस? पाठीवर ओझं किती? नुसता खडक असेल तर वाकणारा, पकड घेणारा बूट. बर्फासाठी खाली लोखंडी काटे लावायचे तर सोल फळीसारखा ताठ हवा. फार उंचावर मुक्काम असेल तर आत वेगळा उबदार बूट असलेली दुहेरी जोडी. आणि जाड मोजे घातल्याशिवाय माप नाही. "बर्फात घट्ट बूट म्हणजे रक्त थांबलं," हे प्रत्येकाला बजावतात, "आणि रक्त थांबलं की बोटं गेली."

रिकामं खोकं मात्र कुणाला देत नाहीत. माणूस धडधाकट परत आला, बूट दाखवून गेला, की मगच ते रद्दीत जातं. दोन खोकी वर्षानुवर्षं तशीच आहेत. त्यांच्याबद्दल मी विचारत नाही.

आमची लेक बर्फाच्या शिखरावर जायला निघाली तेव्हा हे आठ दिवस धड जेवले नाहीत. "जाऊ नकोस" म्हणायची हिंमतही झाली नाही. बूट मात्र स्वतः निवडून दिले. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यांवर फडकं मारत होते. तिच्या खोक्यावर अडतीस नंबर होता. पोरीला जाड मोज्यांवर एकोणचाळीस लागतो, हे मी झोपेतही सांगेन. मी खोकं तसंच काउंटरवर आणून ठेवलं.

"अहो, हे काय?"

काउंटरमागे यांनी हिशेबाची वही मिटली. "या बुटांचा साचा मोठा असतो, अडतीस पुरेल, असं सांगितलं मी तिला."

"असतो का?"

"नाही." मग एकदम म्हणाले, "पहिल्याच उतारावर फोड येतील, कंटाळून परत येईल, असं वाटलं गं."

"आणि नाही आली तर? तुमच्यासारखीच हट्टी आहे ती. तशीच बर्फात जाईल. मग बोटांचं काय?"

यांनी दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. मी तोंडाला येईल ते बोलले.

तिच्या पथकाच्या तळावर फोन लागेना. पथक दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फावर जाणार होतं. एकोणचाळीसची जोडी घेऊन आम्ही मिळाली ती बस पकडली. घाटातल्या प्रत्येक वळणावर हे डोळे मिटून माझं मनगट आवळत होते. मला दरीचं काही वाटत नव्हतं. डोळ्यांसमोर सारखी पोरीची काळी पडलेली बोटं येत होती.

संध्याकाळी तळावर पोचलो तेव्हा लेक तंबूबाहेर दोर गुंडाळत होती. पायांत नुसत्या चपला, बोटांना पट्ट्या चिकटवलेल्या. म्हणजे सरावातच फोड आले होते आणि बाईसाहेब परत फिरल्या नव्हत्या.

"बाबा? तुम्ही इतक्या वर?"

"मी मुद्दाम लहान दिले," हे म्हणाले. "घाबरलो होतो."

तिने हातातला दोर खाली टाकला. मग दगडावर बसली आणि पाय पुढे केला. यांनी जाड मोजे चढवले, बूट घातले, लेस बांधली आणि तिला उतारावर उभं केलं.

"बोटं टोकाला लागतात?"

"नाही."

"टाच उचलली जातेय?"

"नाही, बाबा."

"बरोबर बसलेत," हे म्हणाले आणि तिथेच मटकन खाली बसले. मीही त्यांच्या शेजारी बसले. बरोबर बसलेत, म्हणजे पोरगी आता वरपर्यंत जाणार होती.