संसाराला शिक्षा

काशीला आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा सारनाथला न्यावाच लागे. आम्ही बालाजी घाटाजवळ राहायचो. घरात मराठी, जिना उतरलं की हिंदी. म्हणून पाहुण्यांना फिरवायचं काम माझ्या गळ्यात. सिंह, स्तूप, पडक्या भिंती, परत. खरं सांगायचं तर मला त्या विटांचा कंटाळा आला होता.

त्या वर्षी साताऱ्याहून आत्या आली, बाबांची थोरली बहीण. ती काही देवदर्शनाला आली नव्हती. तिचे यजमान ऐन तिशीत घर सोडून गेले होते आणि संन्यासी झाले होते. मुन्शी घाटाजवळच्या एका मठात ते असतात, असं बाबांना नुकतंच कळलं होतं. बाबांचं एकच पालुपद, "ताई, एकदा जाऊन दर्शन घे. पायांवर डोकं ठेव आणि मोकळी हो." आत्या हो म्हणेना की नाही म्हणेना. संन्याशाची बायको म्हणजे धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. ती कुंकू लावायची, पण तिला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही यावर गावात बायका कुजबुजायच्या. एवढं सोसून पुन्हा त्याच माणसाच्या पाया पडायचं? मला तर बाबांचाच राग यायचा.

"उद्या मठात जायचं," असं बाबांनी परस्पर ठरवून टाकलं, तेव्हा मीच म्हटलं, "आत्या, आज चल माझ्याबरोबर सारनाथला. डोकं जरा हलकं होईल."

आधी म्युझियम पाहिलं. समोरच ते चार सिंह. "अगंबाई, हे तर नाण्यावरचे!" आत्या म्हणाली. "किती गुळगुळीत गं! रोज तेल लावतात की काय?" हात लावायला गेली तर चौकीदार ओरडला. "राहू दे रे बाबा, खात नाही तुझे सिंह," असं तिनं त्याला मराठीतच सुनावलं. मग आम्ही बाहेर खोदकामात सापडलेले जुने विहार बघत हिंडलो. भिक्षूंच्या एवढ्याएवढ्याशा खोल्या, आता नुसत्या बुटक्या भिंती उरलेल्या. "खोल्या आहेत, पण चूल कुठेच दिसत नाही," आत्या म्हणाली.

स्तूपाशी एक गाइड चार-पाच लोकांना मोठ्यानं सांगत होता, "भगवान बुद्ध ने यहीं से सारे संसार को शिक्षा दी."

आत्या जागीच थांबली. "काय म्हणाला तो? सगळ्या संसाराला शिक्षा दिली?"

"अगं, तसं नाही—"

"तसंच! घर सोडून जायचं यांनी आणि शिक्षा संसाराला! बायकोनं काय घोडं मारलं होतं गं?"

मला हसू आवरेना. हिंदीत संसार म्हणजे जग आणि शिक्षा म्हणजे शिकवण, असं मी तिला समजावलं. आत्या काही हसली नाही. "असेल. पण बायकोचं पुढे काय झालं, ते विचार त्याला."

मी विचारलं. गाइड म्हणाला, बुद्ध पुढे आपल्या गावी गेले तेव्हा सगळं घर दर्शनाला धावलं, पत्नी तेवढी गेली नाही. माझ्यात काही चांगलं असेल तर तेच इकडे येतील, म्हणाली. आणि ते गेले. हे मी आत्याला मराठीत सांगितलं.

"स्वतः गेले?"

"हो."

"एवढे मोठे झाल्यावर?"

"हो गं."

आत्या गवतावर बसली. मी घेतलेला पेरू तिनं सावकाश खाल्ला. "चांगला माणूस होता," ती म्हणाली.

घरी आल्या आल्या तिनं बाबांना सांगून टाकलं, "मी मठात यायची नाही. मी इथे आहे, एवढा निरोप दे." बाबा भडकलेच. "संन्याशाला बोलावणं पाठवतेस? लाज आणलीस!" "भिक्षेला चार दारी जातातच ना? हे पाचवं," आत्या म्हणाली. बाबा धुसफुसत निरोप देऊन आले.

पुढचे दिवस फार वाईट गेले. जिन्यावर पाऊल वाजलं की आत्या पदर सावरायची, आणि यायचा दूधवाला. मला तिच्याकडे बघवायचं नाही.

एका दुपारी ते आले. भगवी छाटी, हातात दंड, पाठ वाकलेली. बाबांनी लोटांगण घातलं. स्वामी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "माई, भिक्षा."

संन्याशाला सगळ्या बायका आईसमान, हे मलाही ठाऊक होतं. पण स्वतःच्या बायकोला?

आत्या दारात आली. "मी तुमची आई नव्हे," ती म्हणाली. "नाव घ्या, मग भिक्षा."

लग्नात नवरानवरीला दारात अडवून नाव घ्यायला लावतात, अगदी तशी ती उभी होती. "ताई!" बाबा ओरडले. स्वामींनी मान खाली घातली. मला वाटलं, आता पाठ फिरवतात.

त्यांनी एक नाव उच्चारलं. ते कुणाचं, मला आधी कळेचना. आम्ही सगळे आत्याला तिच्या माहेरच्या नावानं ओळखायचो. हे सासरचं होतं, लग्नात यांनीच अंगठीनं तांदळात लिहिलेलं. त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं.

"आले हं," आत्या म्हणाली, आणि पोळ्या आणायला आत गेली.